माहेरी जाण्यापूर्वीची तपासणी



पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, हा आपल्याकडचा जुना रिवाज. ओटी भरली, डोहाळजेवण झाले, की फुलंब्रीची सून सिल्लोडला किंवा गणोरीला आईकडे निघते. रिवाज चांगलाच आहे. लेकीला विसावा मिळतो. पण नेमकी याच दिवसांत एक तपासणी करायची असते, आणि ती दोन घरांच्या मध्ये हरवते. सासरचे म्हणतात, माहेरी होईल. माहेरचे समजतात, सासरी झाली असेल.

ही तपासणी गरोदरपणातल्या मधुमेहाची. दिवस वाढू लागले की वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात येतात आणि तिच्या अंगातल्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. शरीराला ही उणीव भरून काढता आली नाही, की रक्तातली साखर चढते. बाईला बहुधा काहीच जाणवत नाही. बाळाला मात्र ती साखर पोचते. बाळ अंगाने फार मोठे होते, बाळंतपण अडू शकते, आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते.

केंद्र सरकारने २०१४ साली याविषयी सूचना काढल्या व २०१८ साली त्या सुधारल्या. त्यांप्रमाणे तपासणी दोनदा व्हावी: पहिली नाव नोंदवताना, आणि ती ठीक निघाली तरी दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. उपाशीपोटी यावे लागत नाही, म्हणून वाडीवस्तीवरून एस.टी.ने येणारीलाही ती सोयीची. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात घोळून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. १०० मिलिलिटरला साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, तर मधुमेह समजतात. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.

साखर निघाली म्हणून घाबरू नका, आणि उपाशी तर मुळीच राहू नका. ‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हेही नको. थोडे थोडे, पण वेळेवर खावे. ज्वारी-बाजरीची भाकरी बेताने, तिच्याबरोबर वरण किंवा मटकीची उसळ, मेथी, शेपू, ताक. गूळ म्हणजे साखर नव्हे, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. चहा गुळाचा असला तरी तो गोडच. डॉक्टरांची मनाई नसेल तर जेवणानंतर थोडे चालावे. दोन आठवडे असे करूनही साखर आटोक्यात आली नाही, तर डॉक्टर गोळ्या किंवा इन्सुलिन देतात. बाळंतपण कुठे करायचे, तेही त्यांच्याशी आधीच ठरवावे.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते. पण पुढे मधुमेह होण्याचा धोका राहतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे, आणि नंतरही अधूनमधून.

गुरुजनहो, पालकसभेला येणाऱ्या सासवांना एवढे जरूर सांगा. आणि सासूबाई, सुनेच्या पिशवीत लुगडे-चोळीबरोबर तिचे माता-बाल संरक्षण कार्ड ठेवा. दुसरी तपासणी झाली असेल तर तीवर आकडा असेल. नसेल, तर विहीणबाईंना निरोप धाडा: लेक पोचली, की याच आठवड्यात आशाताईंना भेटा. एवढा निरोप गेला, तर दोन घरांच्या मध्ये तपासणी हरवायची नाही.