वाटेवरची वीज आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीच्या संमेलनात शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती अशा विषयांवर भाषणे व्हावयाची हा प्रघात आहे. तेथे विजेवर चालणाऱ्या वाहनांचा, आणि त्यांना वाटेत वीज मिळावी म्हणून सरकारने आखलेल्या धोरणाचा विषय आम्ही का निवडावा, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान आपल्या परंपरागत धंद्याच्या इतिहासातच आहे. तुंबा, आरे आणि धाव यांचा मेळ घालून गाडीचे चाक सिद्ध करावे, ही आम्हा सुतारांची पिढीजात विद्या. रबरी धावेची डनलॉप गाडी आली आणि ते चाक आपल्या अंगणातून गेले. पुढे 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली एस्. टी. धावली, तिचा सांगाडा लाकडी होता. लाकडाची जागा पोलादाने आणि ॲल्युमिनियमने घेतली, तेव्हा तेही काम सुटले. दोन्ही वेळी धंदा आधी गेला व बदलाची वार्ता ज्ञातीच्या सभेत मागाहून पोचली. आता 1 जून 2022 पासून त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर एस्. टी. ची ‘शिवाई’ ही विजेची गाडी धावू लागली आहे. हा तिसरा बदल दारात उभा असताना त्याची वेळीच विचारपूस करावी, एवढाच आमचा हेतू आहे.

वीज ही आपणास नवी नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली. परंतु आगगाडीला वीज डोक्यावरच्या तारेतून सतत मिळते; मोटारीस, रिक्षेस वा स्कूटरला ती बॅटरीत भरून बरोबर न्यावी लागते. शिदोरी संपली की वाटेत अन्नछत्र हवे, तद्वत या वाहनांना वाटेत चार्जिंग केंद्र हवे. ते नसेल तर मनुष्य वाहन घेण्यास कचरतो. वाहने नसतील तर केंद्र काढणारा कचरतो. हा पेच सोडविण्यासाठीच सरकारला मध्ये पडावे लागले.

आम्ही विद्युतशास्त्राचे जाणकार नव्हे. परंतु सरकारी कागद सावकाशपणे वाचण्याची सवय आहे. त्या कागदांतील सार आपणापुढे ठेवतो. 2003 च्या वीज कायद्यान्वये विजेचे वितरण किंवा व्यापार करण्यास परवाना लागतो. मग दुसऱ्याच्या वाहनात वीज भरून पैसे घेणे ही विक्री झाली की काय, हा प्रश्न उद्भवला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 13 एप्रिल 2018 रोजी त्याचा उलगडा केला. चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. सबब त्यास परवाना नको. आमच्या मते या धोरणातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल हेच होय. कोणीही व्यक्ती वा संस्था, ठरविलेले तांत्रिक व सुरक्षेचे नियम पाळून, हे केंद्र काढू शकते. ‘कोणीही’ या शब्दात आपले ज्ञातिमंडळही येते.

त्यानंतर अंतरांचा हिशेब झाला. जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शहरात 3 किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा प्रत्येक चौकटीत निदान एक केंद्र असावे, आणि हमरस्त्यावर दोन्ही बाजूंस दर 25 किलोमीटरांवर एक असावे, असे ठरले. सप्टेंबर 2024 च्या सूचनांनी हे प्रमाण अधिक दाट केले. 2030 पर्यंत शहरातील चौकट 1 किलोमीटरची व हमरस्त्यावरील अंतर 20 किलोमीटरांचे व्हावयाचे आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या 10,900 कोटी रुपयांपैकी 2,000 कोटी केवळ सार्वजनिक चार्जिंगसाठी राखले गेले. आपल्या राज्याच्या 2025 च्या धोरणानेही महामार्गांवर दर 25 किलोमीटरांस केंद्राचे आश्वासन दिले आहे.

एवढे सगळे कागदावर असताना उणे कोठे पडते? राज्याच्या 2021 च्या धोरणात 2025 पर्यंतची जी शहरवार लक्ष्ये होती, ती पाहावी. बृहन्मुंबईसाठी 1,500, पुण्यासाठी 500, नागपुरासाठी 150, आणि सोलापुरासाठी 20! मोठ्या शहरात वाहने अधिक, म्हणून केंद्रे अधिक, हा युक्तिवाद आम्हास ठाऊक आहे. परंतु शहरातील मनुष्य सकाळी निघून रात्री घरी परततो. त्याची बॅटरी घरी भरते. वाटेतल्या विजेची खरी गरज तालुक्याहून जिल्ह्यास जाणाऱ्यास, आणि दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या रिक्षावाल्यास आहे. डिसेंबर 2024 मध्ये देशात सुमारे 25 हजार सार्वजनिक केंद्रे होती, त्यांपैकी 3,700 हून थोडी अधिक महाराष्ट्रात होती. आकडा लहान नव्हे. परंतु केंद्र मोजणे निराळे आणि ते अडल्या वेळी चालू सापडणे निराळे. पाणपोई बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. रांजण रोज भरणारा मनुष्य नसेल तर ती शिळा कोणाची तहान भागवीत नाही. धोरण चौकट आखू शकते, अनुदान देऊ शकते; रोजची राखण मात्र त्या गावात राहणाऱ्यालाच करावी लागते. आपला संबंध येतो तो येथे.

आपले मंगल कार्यालय आणि त्यास लागून असलेले विद्यार्थी वसतिगृह हमरस्त्यावर आहे. पुढे मोकळे आवार आहे, राखणदार आहे, पाण्याची व बसण्याची सोय आहे. लग्नास आलेली वाहने तीन-चार तास उभी असतात, आणि तीही बहुधा दुपारी. केंद्र सरकारच्या 2024 च्या सूचनांनुसार सकाळी 9 ते दुपारी 4 या सूर्यप्रकाशाच्या वेळात चार्जिंग केंद्रांना वीज सरासरी पुरवठा-खर्चाच्या 0.7 पट दराने, व इतर वेळी 1.3 पट दराने द्यावी, अशी 31 मार्च 2028 पर्यंतची योजना आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो, हे ध्यानात ठेवावे. तथापि दिशा स्पष्ट आहे. दुपारची वीज स्वस्त असावी हे धोरण, आणि आपल्या आवारात गर्दी दुपारचीच!

खर्चाचा धाक अनेकांना वाटतो व तो अगदीच निराधार नाही. अतिशीघ्र चार्जर 50 किलोवॉटचा असला, तर अनेक घरांचा भार तो एकटा उचलतो. त्यासाठी प्रसंगी निराळे रोहित्र बसवावे लागते. तो आपल्या आवाक्यातला नाही, आणि त्याची आपणास गरजही नाही. साधा चार्जर सुमारे 3.3 किलोवॉटचा असतो. तीन तासांत तो दहाएक युनिट वीज देतो. तेवढ्यात लहान मोटार साठ-सत्तर किलोमीटर जाते, आणि स्कूटरची बॅटरी तर त्याहून पुष्कळ कमी विजेत भरते. जोडणीसाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागू नये म्हणून 2024 च्या ग्राहक-हक्क नियमांत महानगरांस 3 दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांस 7 दिवस व ग्रामीण भागास 15 दिवस अशी मुदत घातलेली आहे. मुदत कागदावर असते. तिची आठवण अर्जदाराने लेखी द्यावयाची असते.

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. सरकारी व्याख्येप्रमाणे सार्वजनिक केंद्र म्हणजे जेथे कोणतेही विद्युत वाहन चार्ज करता येते ते. काही सभासदांचे म्हणणे आमच्या कानी आले की, सोय करावयाची तर ज्ञातिबांधवांपुरतीच करावी. आम्ही या मताशी सहमत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदे मंडळात संमत झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही 1927 साली डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्यावर जावे लागलेच. त्या मानहानीशी आजच्या सोयीची तुलना करणे योग्य नव्हे. पण तो इतिहास एक गोष्ट शिकवितो. ठरावाने खुली झालेली जागा माणसांच्या वागणुकीनेच खुली राहते. आवार ज्ञातीचे असले तरी वाट सर्वांची आहे. रिक्षावाल्यास नाव-गाव विचारून प्लग देणारे केंद्र आपणास शोभणार नाही. आणि तसे केंद्र त्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिकही म्हणता येणार नाही.

कार्यकारी मंडळाने पुढील गोष्टींचा विचार करावा अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, आपल्या रोहित्रावर किती भार शिल्लक आहे याची महावितरणकडे लेखी चौकशी करावी, आणि चालू असलेल्या अनुदान-योजनांत संस्थेस काय मिळू शकते याची माहिती घ्यावी. दुसरी, आरंभ चार साध्या चार्जरांनी करावा, व त्यांतील निदान दोन स्कूटर व रिक्षा यांच्यासाठी राखावेत. मोटारवाल्याची सोय कोठेही होते, रिक्षावाल्याचा मात्र एक तास वाया गेला की एक भाकरी जाते. तिसरी, आय. टी. आय. मध्ये विजेचे काम शिकलेल्या ज्ञातीतील दोन मुलांना देखभालीचे काम पगारावर द्यावे, फुकट सेवा म्हणून नव्हे. ज्याला पगार आहे त्यालाच बंद पडलेल्या यंत्राबद्दल जाब विचारता येतो. चौथी, दर मोठ्या अक्षरांत फलकावर लिहावा व जमाखर्च दरवर्षी या स्मरणिकेत छापावा.

यातून मंडळाला मोठा नफा होईल असे आम्ही म्हणत नाही. पहिली काही वर्षे केंद्राचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले. परंतु दोन मुलांच्या हाती नव्या वाहनाची विद्या येईल. चाक आपल्या अंगणातून गेले, सांगाडा गेला. हा तिसरा बदल निदान आपल्या आवारातून जाताना काही काम आपल्या मुलांच्या हाती ठेवून जावा, अशी आमची इच्छा आहे. मंडळाने येत्या सभेत या विषयाचा निर्णय करावा, ही विनंती आहे.