ऊन, हवा आणि पेट्रोल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तुझ्या प्रयोगशाळेबद्दल बोल, पण समजेल असं बोल,' अशी संयोजकांची अट आहे. विषय आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनेच दिला. 'ऊन आणि हवेतून पेट्रोल' ही बातमी तिथे वर्षातून तीनदा तरी येते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, हे खरं का? मी याच कामात आहे, तेव्हा आज सविस्तर सांगतो.

कल्पना खरी आहे. पेट्रोल जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, ऊर्जा बाहेर पडते. तेवढी ऊर्जा परत घातली तर उलटा प्रवास करता येतो. झाडाचं पान तेच करतं, फक्त पेट्रोलऐवजी साखर बनवतं. इटलीतले रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत हेच मांडलं होतं: कोळसा कायमचा पुरणार नाही, मग पानाचं काम आपण काचेच्या नळ्यांत का करू नये?

बाईंनी आपल्याकडून उत्प्रेरकाची व्याख्या पाठ करून घेतली होती. क्रियेचा वेग वाढवतो, स्वतः खर्च होत नाही. आता त्याला गडाचं उदाहरण जोडू. उत्प्रेरक गडावर जायची सोपी वाट दाखवतो, गडाची उंची कमी करत नाही. कार्बन डायऑक्साइड पायथ्याला, इंधन माथ्यावर. चढायची ताकद उन्हातूनच यायला हवी. म्हणून कुणी नुसती पावडर दाखवून इंधन बनवतो म्हणाला, तर ऊर्जा कुठून आणली ते आधी विचारायचं. १९९६ सालचं तामिळनाडूतलं 'वनस्पती-पेट्रोल' तुम्हाला आठवत असेल. भलेभले भुलले होते, पुढे कोर्टात ती फसवणूक ठरली.

आपल्यातल्या एकाचा पेट्रोल पंप आहे. त्याच्यासाठी एक हिशेब. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं १ टक्का इंधनात उतरलं, तर रोज एक लिटरसाठी १८० चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे एकोणीसशे चौरस फुटांहून जास्त. १० टक्के साधलं तर १८ चौरस मीटर पुरे. शिवाय त्या एका लिटरला सव्वादोन किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेत तो दहा लाखांत जेमतेम सव्वाचारशे भाग. आपला दहावीचा वर्ग वीस बाय पंचवीस फूट आणि बारा फूट उंच धरला, तर असे अठरा वर्ग भरून हवा गाळावी लागेल, तीही एक कण न सोडता. तेव्हा मित्रा, या शोधामुळे तुझ्या पंपाला धोका नाही. धोका चार्जिंग स्टेशनचा आहे. छतावरचं सौर पॅनेल उन्हातलं २० टक्के सहज विजेत आणतं आणि बॅटरीतून ती वीज फारशी वाया न जाता चाकापर्यंत पोचते.

मग टक्का एवढा कमी का? १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं, की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकला की पाण्याचं विघटन होतं. हा पदार्थ म्हणजे या हॉलच्या भिंतींवरच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. १९७९ मध्ये त्यांच्याच गटाने अशा पावडरी पाण्यात ढवळून कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइड मिळवलं, पण अगदी थोडं. कारण हा पदार्थ फक्त अतिनील किरण पकडतो आणि उन्हात ते पाचेक टक्केच. प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडतो, तो बहुतेक वेळा काही काम करण्याआधीच जागेवर परत येतो. उरलेल्यांना पाण्यातून हायड्रोजन बनवणं सोपं पडतं, ते तिकडे वळतात. मिथेनॉलच्या एका रेणूला सहा इलेक्ट्रॉन हवेत, मिथेनला आठ. एवढे एकाच ठिकाणी, योग्य वेळी गोळा करायचे! आमची निम्मी हयात त्यातच जाते.

यात आणखी एक खाचखळगा आहे, तो बातम्यांत कधी येत नाही. इंधन इतकं कमी बनतं, की ते खरंच कार्बन डायऑक्साइडपासून आलं की उपकरणातल्या मळातून, हेच कळत नाही. पावडर तयार करताना वापरलेल्या रसायनांचा अंश राहतो, त्यात कार्बन असतोच. म्हणून कार्बन-१३ ची खूण असलेला वायू आत सोडतात. बाहेर आलेल्या इंधनात ती खूण दिसली तरच ते खरं. २०१० मध्ये नेदरलँड्स आणि तैवानच्या संशोधकांनी तांबं मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर अशी तपासणी केली, तर तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये जुन्या मळाचा मोठा हात निघाला. आमच्याकडे नवा विद्यार्थी आनंदाने आलेख घेऊन आला, की पेढ्यांच्या आधी ही परीक्षा.

खात्रीने चालणारा दुसरा रस्ता झुरिकमध्ये आहे. तिथल्या ईटीएच संस्थेच्या गच्चीवर आरशांनी ऊन एकवटून सेरियम ऑक्साइड १५०० अंशांपर्यंत तापवतात, त्यातून ऑक्सिजन निघतो. थोडं थंड झाल्यावर हवेतूनच पकडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ त्यावर सोडतात. ते ऑक्सिजन परत ओढून घेतं, मागे राहतो कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. त्यापासून मिथेनॉल किंवा विमानाचं इंधन करता येतं. २०१९ मध्ये दिवसाला साधारण १०० मिलिलिटर निघत होतं, म्हणजे कटिंग चहाहून थोडं जास्त. तरी मला ते मोठं वाटतं, कारण तिथे ऊन, हवा आणि इंधन अशी पूर्ण साखळी उघड्यावर चालून दाखवली.

याचा खरा उपयोग लांब पल्ल्याच्या विमानांना आणि जहाजांना, जिथे बॅटरीचं वजन परवडत नाही. 'शास्त्रज्ञ धुराचं पेट्रोल करणारच आहेत, मग आज धूर सोडायला काय हरकत आहे,' असं हल्ली मोठ्या बैठकांतही ऐकू येतं. वर्गांचा तो हिशेब त्यांना जरूर सांगा.

ग्रुपवर पुढची बातमी आली की मला टॅग करा. कार्बन-१३ ची तपासणी केली होती का, ते मूळ लेख वाचून कळवेन.