पुराच्या गावात घर मांडताना

रोहिण्या लागल्या, मृग पंधरवड्यावर आला. शिवारात पेरणीची घाई आणि मनात नदीची धास्ती, असे हे दिवस. आज आम्ही बोलणार आहोत घर मांडण्याविषयी. खाट, कपाट, मांडणी, फळ्या, हातरूण-पांघरूण हे सगळं थोड्या पैशांत कसं करायचं, आणि तेही ज्या गावात नदी घरापर्यंत येते त्या गावात, एवढाच आजचा विषय.

आम्ही शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या बाया. नृसिंहवाडीला देवळात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला, की आपण हात जोडतो. पण पाणी तिथंच थांबत नाही. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका समजतात. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत तिथं पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. दोन वर्षांत दोनदा संसार नव्यानं मांडायची पाळी आली. 2021 ला सरकारनं पूरग्रस्त कुटुंबाला 10,000 रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं. दहा हजारांत काय काय बसवायचं? भांडी की हातरूण, खाट की कपाट? हा हिशेब शेवटी घरातल्या बाईलाच करावा लागतो. म्हणून तो पाणी यायच्या आधी करून ठेवलेला बरा.

कुठलीही वस्तू घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. पाणी चढायला लागलं तर ही वस्तू घरातल्या दोघींना उचलून वर ठेवता येईल का? आणि भिजली तर धुऊन, वाळवून परत वापरता येईल का? दोन्ही प्रश्नांना "नाही" असं उत्तर आलं, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी आपल्याला महागच.

दुकानात चकचकीत, हलक्या किमतीची कपाटं आणि टेबलं दिसतात. त्यातली बरीचशी लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची असतात. वरचा कागद लाकडासारखा दिसतो, पण कडेनं पाणी आत गेलं की बोर्ड फुगतो, स्क्रू धरत नाहीत आणि वाळला तरी तो पहिल्यासारखा होत नाही. घेण्याआधी मागची बाजू आणि कड बघा, भुसा लगेच कळतो. लोखंड भिजलं तर धुऊन, गंज खरवडून, रेड ऑक्साईडचा हात देऊन वर ऑइल पेंट मारता येतो. अस्सल लाकूडही वाचतं. मात्र ते सावलीत, वाऱ्याला वाळवायचं. कडक उन्हात टाकलं तर तडकतं.

जुनी लोखंडी खाट घ्यायला लाजू नका. घेताना ती सपाट जमिनीवर ठेवून हलवून बघा, चारी पाय टेकतात का ते पाहा, जोडाच्या जागी वेल्डिंग सुटलंय का ते तपासा. एखादा जोड सुटला असेल तर वेल्डिंगवाला तो थोडक्यात लावून देतो. नट-बोल्टाचं लोखंडी रॅक तर आपल्यासाठी फार सोयीचं. एका पान्यानं खोललं की पट्ट्या-पट्ट्या होऊन माळ्यावर जातं.

हातरुणाचं बघा. फोमची जाड गादी पुराचं घाण पाणी पिऊन बसली, की ती धड धुता येत नाही, धड वाळत नाही. आपली वाकळ मात्र गरम पाण्यात धुता येते, दोरीवर वाळते आणि घडी करून डोक्यावरून नेता येते. जुनी लुगडी घरात असतात, इचलकरंजीचं कापड जवळच मिळतं. दुपारी चौघी बसल्या की वाकळ शिवून होते. ती जाड करण्यापेक्षा पातळ दोन करा. धुवायला आणि वाळवायला हलक्या पडतात.

आता उंचीचं. ज्या घरात पाणी आलं होतं, तिथं भिंतीवर त्याची खूण असते. रंग देताना ती पुसू नका, निदान दाराआड एक रेघ राहू द्या. आपली मोजपट्टी तीच. रेघ छताच्या खाली असेल तर फळी, खुंटी आणि माळा तिच्यावर घ्या. वायरमनला बोलावून बटनांचे बोर्डही वर घेता येतात का ते विचारा. रेघच छताला टेकली असेल, तर फळ्यांवर खर्च करू नका. त्या घरानं हलकं सामान आणि ते ठेवायची उंचावरची जागा, गच्ची असो की पाहुण्यांचं घर, आधीच ठरवून ठेवावी. धान्याला घट्ट झाकणाचं प्लास्टिकचं पिंप चांगलं, पण अर्धं भरलेलं पिंप पाण्यावर तरंगत जातं, म्हणून ते खांबाला बांधा. सातबारा, आधार, रेशन कार्ड, बँकेचं आणि गटाचं पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकाच खुंटीला टांगा. निघताना एका हातात ती पिशवी आली पाहिजे.

मग आधी काय घ्यायचं? आमचं म्हणणं असं, की जिथं रोज अंग टेकतं आणि जिथं रोज हात चालतो, तिथला खर्च पहिला. म्हाताऱ्या माणसाला खाट, स्वयंपाकघरात मांडणी आणि कंबरेएवढा ओटा, धान्याला पिंप, कागदांना खुंटी. पुष्कळ घरांत उलटं होतं. सोप्यात सोफा येतो, कारण पाहुणे तिथं बसतात, आणि आत बाई वाकून वाकून भाकरी थापत असते. पाहुणा वर्षातनं चारदा येतो, कंबर रोज दुखते. घरात ही गोष्ट बोलायची असते. भांडून नव्हे, हिशेब मांडून. लेकीच्या रुखवतातही हेच धरा. आरशाच्या टेबलापेक्षा लोखंडी कपाट द्या आणि पावती लेकीच्या नावावर करा.

आता पैशाचं. समजा, 12,000 रुपयांची वस्तू महिना 1,200 च्या हप्त्यानं बारा महिन्यांसाठी घेतली. एकूण 14,400 गेले, म्हणजे 2,400 जास्त. वरवर बघता शेकडा 20 वाटतात. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि तरी व्याज पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. म्हणून खरा दर वर्षाला शेकडा 35 च्या आसपास पडतो. तेच 12,000 गटातून महिना शेकडा दोन रुपयांनी घेतले आणि दर महिन्याला 1,000 मुद्दल फेडलं, तर उरलेल्या रकमेवरचं वर्षाचं व्याज 1,560 होतं. गटाचा दर शेकडा एक रुपया असेल तर 780. आणि हे व्याज आपल्याच गटात राहतं. म्हणून दुकानदारानं "महिन्याला फक्त एवढेच" म्हटलं, की एकच विचारा, "सगळे मिळून किती?"

सगळ्या वस्तू घरोघरी कशाला हव्यात? वीस खुर्च्या, मोठी पातेली, सतरंज्या, लांब शिडी गटाच्या नावानं घ्या. बारशाला, जावळाला सगळ्यांना वापरता येतील आणि भाड्यातून गटात चार पैसेही येतील. फक्त त्या गावातल्या उंच जागी ठेवा. पाणी आलं तर तीच पातेली सगळ्या गावाच्या भाताला लागतात.

येत्या बैठकीला एवढं करा. प्रत्येकीनं घरातल्या भिंतीवरची रेघ फुटा-इंचात मोजून आणा. रेघेखाली काय काय आहे त्याची यादी करा. त्यातलं काय उचलता येतं, काय धुता येतं यावर खूण करा. जे दोन्हीत बसत नाही, ते मोडलं की पुन्हा तसंच घ्यायचं नाही, एवढं ठरवा. आणि कुणाच्या घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल, तर त्यांचं सामान वर चढवायला कोण जाणार, त्या दोघींची नावं वहीत लिहून ठेवा.

घर जपा, स्वतःला जपा. नमस्कार.