उघडता येते ती गाडी टिकते



चितेगावच्या आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापलाय ‘लाखो किलोमीटर चालणाऱ्या गाड्या’. मघाशी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, सर, एक नाव सांगून टाका, कुठली गाडी घ्यावी. नाव नाही सांगणार. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. जी गाडी मिस्त्रीला उघडता येते आणि उघडून परत जशीच्या तशी बसवता येते, तीच लाखो किलोमीटर जाते. कंपनीचा बिल्ला त्यानंतर. आज जे काही सांगेन ते याच मतासाठी सांगेन, हे आधीच बोलून ठेवतो.

इंजिन कसं चालतं हे इथे सांगत बसत नाही. १९८५ साली बजाज वाळूजला आलं, पुढे शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना झाला, आणि त्यांच्या मागे जोडधंद्यांची रांग लागली. त्या रांगेत काम केलेले कितीतरी लोक समोर बसलेत. पिस्टन, रिंग, बोअर, त्यांच्या मधला ऑइलचा पातळ थर, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच ध्यानात ठेवा की इंजिनाची जास्त झीज ते थंड असताना, सुरू होतानाच्या घडीला होते. एकदा गरम झालं आणि एका वेगात चालू लागलं की ते फार थोडं झिजतं. म्हणून दिवसभर पळणारी टॅक्सी दमत नाही. रोज दोन किलोमीटर जाऊन उभी राहणारी गाडी मात्र लवकर म्हातारी होते.

आता जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आयर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १९६६ साली त्यांनी व्होल्वो पी १८०० एस ही लाल गाडी घेतली. शाळेला जाऊन-येऊन रोजचा प्रवास सव्वाशे मैलांचा. २०१३ च्या सप्टेंबरात अलास्कामध्ये त्या गाडीचे ३० लाख मैल पूर्ण झाले. म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या वर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. त्या हिशोबानं या माणसानं चंद्राच्या जाऊन-येऊन सहा फेऱ्या केल्या आणि वर थोडं उरलं. २०१८ मध्ये ते वारले तेव्हा आकडा ३२ लाख मैलांच्या पुढे गेला होता.

लोक हा आकडा ऐकतात आणि म्हणतात, व्होल्वो भारी. व्होल्वो भारी आहेच. पण पुढचं ऐका. पहिल्या ६ लाख ८० हजार मैलांनंतर त्या गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं होतं. दर तीन-साडेतीन हजार मैलांना ऑइल बदललं जात होतं, आणि कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते हा माणूस मुकाट्यानं करत होता. इंजिन बिडाचं, चार सिलिंडरचं, साधं. भाग मिळत होते, उघडणारे हात मिळत होते. यातली एक गोष्ट जरी नसती तरी ती गाडी कधीच कुठल्यातरी कुंपणापाशी गंजत पडली असती.

दुसरं उदाहरण ग्रीसचं. ग्रेगोरिओस साचिनिडिस हे टॅक्सीवाले. त्यांची १९७६ सालची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली. २००४ साली त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. तिची इंजिनं वेळोवेळी बदलली होती. काही जण नाक मुरडतात, म्हणतात इंजिन बदललं म्हणजे ती गाडीच नव्हे. मला हे पटत नाही. एक इंजिन उतरवून दुसरं चढवता येतं आणि चेसिस ते आनंदानं घेते, यालाच मी गाडीची कुवत म्हणतो.

(मागून आवाज : सर, मर्सिडीजचं आम्हाला सांगू नका! — मोठा हशा)

बरोबर आहे! २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या शहरानं, संभाजीनगरनं, एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. मला त्याचा अभिमान आहे, हसू नका. मराठवाड्याकडे बघायची लोकांची नजर त्या दिवशी बदलली. पण त्या दिवशी सगळ्यांनी किंमत मोजली, कोणी किलोमीटर मोजले नाहीत. आज आपण किलोमीटर मोजायला बसलो आहोत.

आपल्या महाराष्ट्राची खरी दीर्घायुषी गाडी म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली, आणि तीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. दिवसपाळी एकाची, रातपाळी दुसऱ्याची, इंजिन थंड व्हायला सवड नाही. बोअर झिजला की ब्लॉक लेथवर नेऊन बोअर करायचा, थोडे मोठे पिस्टन घालायचे, क्रँक ग्राइंड करायचा, की गाडी पुन्हा स्टँडवर. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तूपर्यंत हात जायचा. पुढे यातल्या कितीतरी टॅक्सी त्याच अंगावर सीएनजीवर गेल्या. नवं इंधनही त्या गाडीनं पचवलं!

ती संपली कशानं? नियमानं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. धुराचा प्रश्न खरा आहे, मुंबईच्या हवेचा आहे, आणि त्या नियमाच्या मी विरोधात नाही. पण मशीन हरलं नव्हतं, हे नोंदवलंच पाहिजे.

आता आपल्या पैठण रस्त्यावर येऊ. (टाळ्या) आपल्या काळ्या-पिवळ्या म्हणजे महिंद्राच्या जीपगाड्या. त्यांतल्या एका जीपची गोष्ट दोन मिनिटांत सांगतो. मालक आणि ड्रायव्हर एकच माणूस, नाव सांगत नाही, त्याची भावकी इथे बसली असेल. (हशा) पैठण ते संभाजीनगर पन्नासएक किलोमीटर. दिवसाला तीन जाऊन-येऊन फेऱ्या धरा, तीनशे किलोमीटर झाले. वर्षात तीनशे दिवस गाडी चालली तर ९० हजार. दहा वर्षांत नऊ लाख! गॉर्डनसाहेबांची व्होल्वो जगाला माहीत आहे. आपल्या स्टँडवरच्या नऊ लाखांच्या जीपा कोणी मोजल्याच नाहीत, कारण त्यांची मीटरची केबल कधीच तुटलेली असायची. या जीपवाल्यानं मात्र मोजलं. त्याच्याकडे वही होती. कोणत्या तारखेला किती फेऱ्या, डिझेल किती, ऑइल कधी, पाटे कधी, क्रॉस कधी, नोझल कधी काढून तपासले, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं.

एका वर्षी नाथषष्ठीच्या तोंडावर गाडी ऑइल खायला लागली. निळा धूर, चढाला दम नाही, डिपस्टिकची नळी फुसफुसते. म्हणजे कॉम्प्रेशन खाली उतरतंय. नाथषष्ठी म्हणजे त्याची वर्षाची कमाई. लाखो वारकरी पैठणला येतात, त्या चार-पाच दिवसांत गाडी घरी उभी ठेवून चालणार नाही. तो संध्याकाळी मिस्त्रीकडे, आमच्या उस्तादांकडे आला. उस्तादांचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक चेन-पुली. त्यांनी आधी वही मागितली. पानं उलटली आणि म्हणाले, “लायनरचं वय झालंय. आज रात्री करू.”

मी त्या रात्री तिथं बॅटरी धरून उभा होतो, म्हणून एकेक पायरी सांगू शकतो. हे इंजिन मूळ प्यूजोच्या बांधणीचं, वेट लायनरचं. म्हणजे सिलिंडरची नळी वेगळी, तिच्या बाहेरून पाणी खेळतं. इंजिन गाडीतून उतरवायचं काम नाही. पाणी काढलं, ऑइल काढलं, मॅनिफोल्ड सोडला, हेड उचललं. खाली झोपून चेंबर सोडला, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या काढल्या. पिस्टन वर ढकलून बाहेर. मग जुने लायनर ओढून काढले. ज्या कठड्यावर लायनर बसतो तो कठडा उस्तादांनी बोटानं चाचपला, कपड्यानं पुसला, पुन्हा चाचपला. तिथं कचऱ्याचा कण राहिला तर लायनर तिरका बसतो, पाणी ऑइलमध्ये उतरतं. हेड घेऊन पोरगा लेथवाल्याकडे पळाला, कारण फेसिंग मारून घ्यायचं होतं. लेथवाल्याला झोपेतून उठवलं. इकडे लायनरची उंची पट्टी ठेवून बघितली. रिंगांची तोंडं एका ओळीत येऊ दिली नाहीत. हेडचा प्रत्येक बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं, मग टॉर्क रेंचनं, मधून बाहेर, ठरल्या क्रमानं. माझ्या वर्गात मी हे फळ्यावर लिहायचो. तिथं चार बुकं शिकलेला माणूस ते न बघता करत होता, आणि एकही पायरी गाळत नव्हता!

(इथे संयोजकांची चिठ्ठी आली.) हो, बघितलं. ही गोष्ट तेवढी पुरी करतो.

उजाडता उजाडता गाडी सुरू झाली. उस्तादांनी सांगितलं, पहिले दोन दिवस चाळीसच्या वर न्यायची नाही, आणि परवा ऑइल टाकून नवं भरायचं. यात्रेच्या गर्दीत चाळीसच्या वर जाताच येत नाही, म्हणून रनिंग-इन आपोआप झालं. तो हंगाम तिनं काढला, पुढची कित्येक वर्षंही काढली. मला सांगा, हे श्रेय कोणाचं? कारखान्याचं आहे, कारण त्यानं बदलता येणारा लायनर दिला. आणि उस्तादांचं आहे. वर्तमानपत्रात दोघांपैकी एकाचंच नाव येतं.

(श्रोत्यांतून : मग बिडकीनला टोयोटा येतेय, त्याचं काय?)

चांगलं विचारलंत. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करनं शासनाशी करार केला, सुमारे २० हजार कोटींचा. इथून बिडकीन किती लांब, ते तुम्हाला सांगायला नको. मला आनंदच आहे, आपल्या पोरांना काम मिळणार आहे. आणि क्वालिस-इनोव्हा लाखो किलोमीटर चालतात हे कोण नाकारेल? ट्रॅव्हल्सवाल्यांना विचारा. मी कंपनीविरुद्ध बोलतोय असा समज करून घेऊ नका. इनोव्हाचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन एवढं चाललं, कारण ते मुळातच दमदार होतं आणि गावोगावी त्याचे भाग आणि त्याचे जाणकार तयार झाले. आपल्या शेंद्र्यात बनलेल्या ऑक्टेव्हियाचं १.९ टीडीआय इंजिनही त्याच जातीचं, बिडाच्या ब्लॉकचं. युरोपात टॅक्सीवाल्यांनी ते लाखो किलोमीटर पळवलं. वेळ नाही, नाहीतर त्याच्यावर स्वतंत्र बोललो असतो.

घाईत सांगतो, पण यासाठीच मी आज आलोय. नव्या गाड्यांत कित्येक ठिकाणी ॲल्युमिनियमचे ब्लॉक आहेत, बोअरवर पातळ लेप आहे. लेथवर नेऊन बोअर करायची सोय राहिली नाही. बिघाड संगणकाच्या कोडमध्ये येतो आणि तो कोड वाचायचं यंत्र सगळ्यांना मिळत नाही. एक सेन्सर गेला तर अख्खा जोड बदला म्हणतात. इंजिन पाच लाख चालेल असं असतं, आणि एका इलेक्ट्रॉनिक पेटीचा भाग मिळत नाही म्हणून गाडी भंगारात जाते. हे मला सहन होत नाही. या हॉलमध्ये व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही जोडलेले हात आहेत. मागचं झाकण काढून टीव्ही दुरुस्त व्हायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. या हक्काला कायद्याचं बळ हवं. कंपनीनं गाडी विकली की तिची वायरिंगची नकाशावही, कोडांची यादी आणि भाग ठरावीक वर्षं कुठल्याही गॅरेजला योग्य किमतीत मिळालेच पाहिजेत. बिडकीनला कारखाना उभा राहतोय, तर त्याच्या शेजारी दुरुस्ती शिकवणारी कार्यशाळाही उभी राहू द्या, हे ग्रामपंचायतीनं, तुम्ही आम्ही सगळ्यांनी आत्ताच मागितलं पाहिजे. कारखाना सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. दुसरं, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार झालं. तपासणी कडक करा, यंत्रावर करा, धूर मोजा, ब्रेक मोजा, माझी हरकत नाही. पण नीट ठेवलेल्या गाडीच्या मालकाला दंड भरल्यासारखं वाटू नये.

दुसरी चिठ्ठी आली. एकच प्रश्न घेतो. हं, ताई, बोला.

(प्रश्न : मुलाला धंद्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. मीटरवर विश्वास ठेवावा का?)

नाही, ताई. मीटर मागे फिरवतात. सकाळी लवकर जा, गाडी पूर्ण थंड असताना, आणि तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. ऑइलचं झाकण काढून बघा, आतून जोरात वाफ मारत असेल तर रिंग गेल्यात. झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, तिथूनच नमस्कार करा. क्लचच्या पेडलचं रबर बघा. ते झिजून गुळगुळीत झालंय आणि मीटर चाळीस हजार दाखवतंय, तर समजून घ्या. सर्व्हिसच्या पावत्या मागा. हातानं लिहिलेली वही असली तर अजून चांगलं. आणि पैसे देण्याआधी तुमच्या गावातल्या मिस्त्रीला विचारा, या गाडीचा डिझेल पंप उघडायला कुठं न्यावा लागतो, आणि भाग किती दिवसांत येतो. तो म्हणाला संभाजीनगरला, दोन दिवसांत, तर घ्या.