गडचिरोलीचें बदलतें दुखणें



वैनगंगेच्या पूर्वेस पसरलेला गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. भाताच्या बांध्या, मोहाचीं झाडें आणि कोसच्या कोस अरण्य असें त्याचें रूप आहे. या प्रदेशाचें नांव निघतांच ऐकणाऱ्याच्या मनांत हिवताप उभा राहतो. आणि तें अकारण नाहीं, कारण भामरागड-एटापल्लीकडील रानांत तो अद्याप आहे. परंतु तेथील ज्या गांवांत मृत्यूची नोंद काळजीपूर्वक ठेवली गेली, ती नोंद निराळीच हकीकत सांगते.

१९८८ च्या सुमारास त्या गांवांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १२१ मुलें वर्षाचीं होण्यापूर्वींच जात. न्यूमोनिया हें त्याचें एक मोठें कारण होतें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवांतील दायांना व शिकलेल्या स्त्रियांनाच या कामीं तयार केलें. दायांना साठपर्यंत मोजतां येईना, तेव्हां त्यांच्यासाठीं एक साधें यंत्र करण्यांत आलें. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकते मणी, एवढेंच तें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्यापूर्वीं मणी संपले, तर बाळास न्यूमोनिया आहे असें समजावयाचें. पुढें ३९ गांवांत नवजात बाळांची घरींच शुश्रूषा करण्याचा प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें आला. २००३ पर्यंत अर्भकमृत्यूचें प्रमाण हजारीं ३० वर उतरलें. २०११ मध्यें हीच पद्धत ‘आशा’ सेविकांच्या द्वारें देशभर स्वीकारण्यांत आली.

मुलें जगलीं, माणसांचें आयुष्य वाढलें, आणि मृत्यूनें आपली वाट बदलली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गांवांतील मृत्यूंची कारणें तपासलीं असतां पहिला क्रमांक लागला तो पक्षाघाताचा. शंभरांतील चौदा मृत्यू त्यानें झाले होते. हा शहरांतील सुखवस्तूंचा रोग, ही समजूत तेथेंच खोटी ठरली. कारण हे लोक उन्हातान्हांत राबणारे व कृश. पक्षाघातानें गेलेल्यांपैकीं दहांतील जवळजवळ नऊ जणांना मृत्यू घरींच आला. मुलाच्या तापासाठीं रात्रीं बैलगाडी जुंपणारें घर म्हाताऱ्याचें तोंड वांकडें झाल्यावर मात्र हताश होऊन बसतें!

या रोगाचीं मुळें बहुतेक रक्तदाबांत आणि तंबाखूंत आहेत. सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यांत घोटून केलेला खर्रा तेथें पुरुष खातात, स्त्रिया खातात आणि शाळकरी मुलेंही खातात. पाहुण्यापुढें तो चहासारखा येतो. जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे; तीमागें स्त्रियांचा जोर होता. परंतु खऱ्ऱ्याविरुद्ध तसा जोर धरणें कठीण, कारण दारू घरांत भांडण आणते आणि खर्रा कोणाशींच भांडत नाहीं. २०१६ मध्यें ‘मुक्तिपथ’ ही मोहीम दारू व तंबाखू या दोहोंविरुद्ध सुरू झाली, तेव्हां गांवोगांव हाच अनुभव आला असल्यास नवल नाहीं.

रक्तदाबाची गोष्ट याहून बिकट. हिवतापांत थंडी वाजते, म्हणून माणूस औषध मागतो. रक्तदाब वाढलेल्यास कांहींच होत नाहीं. तो रोवणी करतो, मोह वेंचतो, तेंदूचीं पानें तोडतो. तीस वर्षांवरील सर्वांचा दाब तपासण्याची राष्ट्रीय योजना आहे, गोळ्याही स्वस्त आहेत. पण त्या जन्मभर घ्यावयाच्या. महिन्याच्या गोळ्या संपल्या म्हणजे रोवणीच्या दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवून आरोग्यकेंद्रांत जावयाचें, तेंही जेव्हां दुखत कांहींच नाहीं तेव्हां! दाराशीं गोळ्या घेऊन येणारी ‘आशा’ असली तर तो त्या घेईल. ती न आल्यास तो शेतावर जाईल.