छपरावरच्या तारेचा सांधा

श्रोतेहो, २०२० सालचा श्रावण आठवतो ना? शाळांना कुलपे होती आणि मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमालिका चालू होती. आमच्या माण गावी शेजारची मुलगी वही घेऊन संचापुढे बसे. मुळशीकडून ढग दाटले की चित्र फुटायचे. ते समजण्यासारखे आहे. पण एके दिवशी लख्ख ऊन पडले तरी चित्र येईना. आकाशातला पाऊस सरला होता, तारेतला सरला नव्हता!

संच बंद करून, शिडी लावून आम्ही तबकडीजवळचा सांधा उघडला. आत सगळा हिरवा कळंक. गाभ्यावरचा तांब्याचा मुलामा गेलेला, आतले पोलाद गंजलेले.

असे का होते? या कोॲक्सियल तारेत मधोमध गाभा, त्याभोवती पांढरे पॉलिथिन, त्यावर तारांची जाळी आणि बाहेर काळे आवरण असते. जाळी म्हणजे दिव्याची वातच समजा. सांध्यात शिरलेले पाणी ती शोषून पुढे नेते. शिवाय याच तारेतून तबकडीकडे १३ किंवा १८ व्होल्टचा प्रवाह जात असतो. पाणी आणि प्रवाह एकत्र आले की काय होते, ते शिक्षक बंधुभगिनींनी विद्युत अपघटनाच्या प्रयोगात मुलांना दाखवलेलेच आहे.

मग आम्ही जाळी स्वच्छ दिसेपर्यंत, चांगली वीतभर तार कापली, नवा जोड बसवला आणि आपल्या आपल्यालाच चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळली. गुंडाळायची ती खालून वर, निम्मा वेढा निम्म्यावर. कौले शाकारताना आपण वळचणीकडूनच सुरुवात करतो ना, तसेच. वरून साधी काळी टेप, म्हणजे उन्हाने रबर तडकत नाही. नुसत्या काळ्या टेपचा मात्र भरवसा नको. वैशाखात तिचा डिंक पाघळतो. प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे पुष्कळ. तिच्यात दव साचून सांधा आतूनच भिजतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉनही नको, त्यातले आम्ल तांबे खाते.

आणि घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ ठेवा. पाणी तिथूनच ठिबकून जाते.

दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा पाठाला बसली. मधले चार पाठ मात्र बुडाले ते बुडालेच.