भरपाई मागची, सही पुढची



खर्डी, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात गाडी म्हणजे घरातलं कमावतं माणूस. पहाटे भेंडी-काकडी भरून कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजाराला जाणारी पिकअप, कसारा लोकल गाठणाऱ्यांना स्टेशनवर सोडणारी रिक्षा, पाड्यावरच्या आजाऱ्याला दवाखान्यात आणणारी जीप. अशी गाडी घेऊन वर्ष उलटत नाही तोच ती सर्व्हिस सेंटरला लागते. आज पार्ट आला नाही, उद्या वरून मंजुरी यायची आहे, परवा मेकॅनिक रजेवर. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, बँकेचा हप्ता मात्र तारखेला हजर होतो. कितीतरी फोन आणि हेलपाटे झाल्यावर एक दिवस कंपनीचं पत्र येतं. त्यात दिलगिरी असते, सदिच्छा म्हणून काही रक्कम देऊ केलेली असते आणि सोबतच्या कागदावर सही करायला सांगितलेलं असतं.

हे पत्र हातात पडल्यावर माणूस दोन टोकांना जातो. एकजण थकून म्हणतो, मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा. दुसरा चिडून म्हणतो, मला नवीच गाडी पाहिजे, नाहीतर कोर्टात भेटू. दोघांचाही त्रास खरा असतो, पण हिशेब दोघांनीही केलेला नसतो. तो कसा करायचा, ते आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. त्या पत्रात दोन वेगळे व्यवहार एकत्र बांधलेले असतात. पैसे देऊ केलेत ते होऊन गेलेल्या दिवसांचे. सही मागितली आहे ती येणाऱ्या दिवसांची. कागदाच्या तळाशी बहुधा एक वाक्य असतं: ही रक्कम अंतिम व संपूर्ण तडजोड म्हणून स्वीकारली असून यापुढे या वाहनाबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही. आता पुढच्या महिन्यात तोच गिअरबॉक्स पुन्हा अडकला तर? मागच्या पंचेचाळीस दिवसांची भरपाई घेताना पुढच्या पाच वर्षांचा हक्क आपण सोडून दिला, असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. म्हणून रक्कम नंतर बघा, ते वाक्य आधी वाचा. कागद इंग्रजीत असेल तर कोणाकडून तरी समजून घ्या आणि त्याशिवाय सही करू नका.

आता मागच्या दिवसांचा हिशेब. उदाहरण घेऊ. समजा, पिकअप तीन वेळा मिळून 45 दिवस उभी होती. त्यातले 20 दिवस माल काढलेला होता, म्हणून दुसऱ्याची गाडी डिझेलसकट 2,500 रुपये रोजाने घ्यावी लागली. स्वतःची गाडी असती तरी डिझेलचे 1,200 गेलेच असते, म्हणजे जादा खर्च रोजचा 1,300. वीस दिवसांचे झाले 26,000. बाकीच्या दिवसांत 18 फेऱ्या हातच्या गेल्या. डिझेल आणि टोल वजा जाता एका फेरीला 1,000 सुटतात असं धरलं, तर 18,000. टोइंग आणि सर्व्हिस सेंटरच्या खेपांचे 3,000. एकूण 47,000 रुपये.

यात मी बँकेचा हप्ता आणि विमा धरलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हप्त्याचं दुःख सगळ्यात मोठं असतं, त्यामुळे लोक तो हमखास जोडतात. पण गाडी चालली असती तरी हप्ता त्याच कमाईतून भरला गेला असता. बुडालेली कमाई मागितली की हप्ता त्यातच आला. दोन्ही लावले तर एकच नुकसान दोनदा मोजलं जातं, आणि समोरचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. मग खरे आकडेही संशयात येतात. मागणी मोठी दिसण्यापेक्षा ती टिकणं महत्त्वाचं.

आता समजा, कंपनी 15,000 रुपये रोख, दोन मोफत सर्व्हिसिंग आणि एक वर्षाची वाढीव वॉरंटी देऊ करते. एकेक सुटं करून बघा. मोफत सर्व्हिसिंगमध्ये फक्त मजुरी माफ आहे की ऑइल आणि फिल्टरही? वाढीव वॉरंटीला किलोमीटरची मर्यादा किती? आणि मुख्य म्हणजे जो भाग बिघडला तो तिच्यात धरलाय का? तो वगळला असेल, तर त्या वॉरंटीचा आपल्याला फारसा उपयोग नाही. धरला असेल, तर तिची किंमत रोख रकमेपेक्षाही जास्त ठरू शकते.

इथे एक आडाखा सांगतो. दुरुस्तीनंतर गाडी दोन-तीन महिने भरल्या ओझ्याने बिनतक्रार चालली असेल, तर रोख रकमेवर जोर द्या. दोष गेला की नाही याची खात्री नसेल, तर रोख थोडी कमी घ्या, पण त्या भागाची लांब मुदतीची वॉरंटी लेखी मागा. शिवाय गाडी जितके दिवस वर्कशॉपमध्ये होती, तितके दिवस मूळ वॉरंटीही वाढवून मागा. ते दिवस तुम्ही गाडी वापरलेलीच नाही.

दोष गेला की नाही, हे ठरवायचं कसं? आपल्या भागात याला एक उत्तम जागा आहे. ओझं भरून कसारा घाट चढवा. क्लच सुटत असेल, इंजिन तापत असेल, दम तुटत असेल, तर ते घाटात कळतं. सर्व्हिस सेंटरचा माणूस मात्र रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणतो आणि ‘ओके’ लिहितो. म्हणून चाचणी भरल्या गाडीने, चढावर आणि तुमच्यासमोर व्हावी, असा लेखी आग्रह धरा.

आणि गाडी आत घेताना सर्व्हिस सेंटर जे जॉब कार्ड भरतं, त्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. कार्डावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि ग्राहकाची तक्रार असे रकाने असतात. तुम्ही सांगता, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडी ओढत नाही. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं जातं, ‘जनरल चेकअप’. पुढे सहा महिन्यांनी हेच कार्ड पुरावा म्हणून पुढे येतं आणि गाडीत विशेष दोष नव्हता, असं बोलू लागतं. तेव्हा तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, त्याशिवाय चावी देऊ नका. गाडी परत घेताना समाधान झाल्याची सही मागतात. चाचणी झाली नसेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने ‘चाचणी बाकी, तक्रार कायम’ असं लिहा. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा. गाडी किती दिवस आत होती, हे त्या तारखाच सांगतात.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात दिवसांची एक मोजपट्टी आहे. पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18,000 मैलांत गाडी वॉरंटीच्या दुरुस्तीसाठी एकूण 30 दिवसांहून जास्त अडकली, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असं गृहीत धरतात आणि गाडी बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्या कायद्यात अशी तयार संख्या नाही. म्हणून आपल्याकडे सगळी भिस्त कागदांवर आणि तज्ज्ञाच्या अहवालावर असते.

नवी गाडीच पाहिजे म्हणणाऱ्यांनी 2006 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल माहीत करून घ्यावा. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात क्लचची तक्रार होती. गाडी बदलून द्यावी, हा खालचा आदेश न्यायालयाने रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची हमी आहे, ती अख्ख्या गाडीपर्यंत ताणता येत नाही, असं त्याचं सूत्र. याचा अर्थ नवी गाडी कधीच मिळत नाही असा नाही. दोष मूळ उत्पादनातला आहे आणि वारंवार दुरुस्त करूनही जात नाही, हे सिद्ध करावं लागतं. ग्राहक आयोग त्यासाठी गाडी तपासणीला पाठवू शकतो. तो पुरावा हाताशी नसेल, तर नव्या गाडीच्या आशेवर बरी तडजोड झिडकारू नका.

आपल्या बाजूचं बळही तितकंच माहीत हवं. गाडी धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं कंपनीकडून सांगितलं जातं. ते सरसकट खरं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं वाहन ग्राहक कायद्याच्या बाहेर जात नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली तरी ग्राहकपण जात नाही, असंही सांगितलं. गाड्यांचा ताफा पगारी चालकांवर चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तडजोड नाकारायची ठरली तर वाट कुठली? आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवा. तेवढ्यानेही काही वेळा कंपनीचा आकडा वर सरकतो. नाही सरकला तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली. कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, खर्डीत राहणारा माणूस ठाण्यातच तक्रार दाखल करू शकतो. गाडीसाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आणि महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. आपल्या ठाकूर, कातकरी, वारली बांधवांना हे आवर्जून सांगा. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो.

वेळेबद्दल मात्र खरं तेच सांगायला हवं. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात वर्षं लागतात आणि त्यावर अपील होतं. ही वाट बघणं तुमच्या घराला झेपणार आहे का, हाही हिशेबातलाच आकडा आहे. उदाहरणार्थ, आज मिळणारे 35,000 आणि तीन वर्षांनी कदाचित मिळणारे 60,000 यांत पहिले निवडणारा माणूस भित्रा ठरत नाही. फक्त ते ‘कदाचित’ किती भक्कम आहे, हे कागद बघून ठरवावं.

आणखी एक इशारा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. कंपनीशी गोड बोलणी चालू आहेत म्हणून हे घड्याळ थांबत नाही. पुढच्या महिन्यात बघू, वरिष्ठांना कळवलंय, असं करत दोन वर्षं निघून गेली तर हातात फारसं काही उरत नाही.

तडजोड घ्यायची ठरली तर ती नीट घ्या. पत्र उत्पादक कंपनीच्या लेटरहेडवर, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचं हवं. शोरूमच्या मॅनेजरचा तोंडी शब्द त्याच्या बदलीबरोबर जातो. पैसे किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात, हे त्यात असू द्या. ‘कोणतीही तक्रार राहणार नाही’ या वाक्याच्या जागी असं लिहून मागा: ही रक्कम अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या नुकसानीपुरती आहे, हाच दोष पुन्हा उद्भवल्यास ग्राहकाचे हक्क अबाधित राहतील. कंपनीने हे एक वाक्य मान्य केलं, तर रकमेत थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल. आपण दुरुस्त केलेल्या गाडीवर भरवसा असणाऱ्या कंपनीला ते लिहून द्यायला जड जायचं कारण नाही. ती हे वाक्य अजिबात नको म्हणाली, तर त्या नकारातून दुरुस्तीबद्दल काय समजायचं ते समजा.

आणि तक्रार आयोगाकडे गेल्यावरही तडजोडीचं दार बंद होत नाही. कायद्यात मध्यस्थीची सोय आहे. तिथं ठरलेलं लेखी होतं, आयोगाच्या आदेशात नोंदलं जातं, आणि ते पाळलं नाही तर दंड किंवा कैदेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर झालेल्या बोलण्याला हे बळ नसतं.

कोणी आधीच सही करून बसलं असेल, तर त्याने लगेच हाय खाऊ नये. 1999 साली एका विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पावतीवर सही केली एवढ्यानेच ग्राहकाचा हक्क प्रत्येक वेळी संपत नाही. ती फसवणुकीने, दिशाभूल करून किंवा दबाव टाकून घेतली असेल तर दाद मागता येते. मात्र ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो, म्हणून सहीआधीची सावधगिरी केव्हाही स्वस्त.

श्रोतेहो, 1974 साली बिंदूमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाच नव्हता. तो आला बारा वर्षांनी, 1986 मध्ये. कायदा नसताना त्या माणसांनी हक्काची भाषा शिकवली. आज कायदा आहे, आयोग आहे, तक्रार घरबसल्या ऑनलाइन भरायची सोय आहे. तरीही शहापूर-मुरबाडच्या कष्टकऱ्याला कंपनीचं पत्र मेहेरबानीसारखं वाटतं, याची मला खंत वाटते. ती रक्कम तुमच्या बुडालेल्या दिवसांची आहे, त्यामुळे तिचं मोल तुम्हीच ठरवायचं. असं पत्र आलं तर एक रात्र जाऊ द्या. जॉब कार्डं तारखेप्रमाणे लावा, नुकसानीचे आकडे एका कागदावर मांडा, कागदाचा शेवटचा परिच्छेद घरात मोठ्याने वाचा. मग घ्या किंवा नाकारा, पण उत्तर लेखी द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.